चार दिवस झाडाला टांगून

"नऊ हिवाळे काढलेत मी मॅडिसनमध्ये, थंडीचं मला काय सांगता?"

हे मी ऑक्टोबरात म्हणाले होते. त्या वेळी मी शेजाऱ्यांच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर, दोराने लटकत होते. तात्या काही बोलले नाहीत. मिशीतल्या मिशीत हसले फक्त.

तात्या म्हणजे हे शेजारी. त्यांचं नाव अर्थातच तात्या नाही, त्यांचे पणजोबा नॉर्वेहून आलेले. पण पांढऱ्या मिशा आणि समोरच्याचं चुकत असताना न ओरडता नुसतं बघत राहायची सवय थेट आमच्या सांगलीच्या तात्यांची, म्हणून आमच्या घरात ते तात्याच. वय ६८. दर नोव्हेंबरात धनुष्यबाण घेऊन अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिमेला हरणाच्या शिकारीला जातात. यंदा "नुसती बघायला येतेस का?" म्हणून विचारलं आणि मी हो म्हणून बसले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्यासारखीला शिकार म्हणजे आजोबांच्या गप्पांतली गोष्ट. मचाण तेवढं माहीत होतं. मेळघाटात एका बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर रात्र काढली आहे. तिथे त्रास होता तो उकाड्याचा आणि डासांचा.

इथे मचाणही नव्हतं, होतं ते सॅडल. खोगीर डोळ्यांसमोर आणू नका, झोळी आणा. कमरेखाली बांधायची रुंद झोळी, मांड्यांभोवती दोन पट्टे. झोळीच्या दोन टोकांना जोडलेला पुढचा दोर म्हणजे ब्रिज, आणि खोडाला आवळलेला दोर म्हणजे टेदर. दोन्ही कॅराबिनरने, म्हणजे चापाच्या कडीने, एकमेकांत अडकवायचे, पायाखाली मोठ्या ताटाएवढा ॲल्युमिनियमचा प्लॅटफॉर्म बांधायचा आणि खोडाकडे तोंड करून मागे रेलायचं. कंटाळा आला की गुडघे खोडाला टेकवून बसायचं. खुर्चीसारखं मचाण पाठीवर वाहून न्यावं लागत नाही आणि जवळपास कुठल्याही सरळ झाडावर चढता येतं, म्हणून तात्यांनी सत्तरीच्या उंबऱ्यावर हे नवं खूळ घेतलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात ते माझे कपडे तपासायला घरी आले. जॅकेट हातात घेऊन त्यांनी हुंगलं आणि विचारलं, "हा कसला वास?"

फोडणीचा. मोहरी, हिंग, कढीपत्ता. आमच्या कोटांचा रॅक स्वयंपाकघराला लागून आहे आणि हा वास आम्हाला येईनासा होऊन वर्षं झाली. हरणाचं नाक माणसाच्या कितीतरी पट तिखट. मग सगळे कपडे बिनवासाच्या साबणाने धुतले, चार दिवस मागच्या अंगणात दोरीवर वाळवले आणि झाकणाच्या डब्यात भरले. नवरा म्हणाला, "तिरुपतीला निघाल्यासारखं सोवळं चाललंय तुझं."

गुरुवार: पिसांचा कोट

मॅडिसनहून हायवे १४ ने वायरोक्वा हे गाव दोन तासांवर. स्प्रिंग ग्रीनजवळ विस्कॉन्सिन नदी ओलांडली की सपाटी संपते. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख बर्फाच्या लाद्यांनी रगडून सपाट केला, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे इथे अजून डोंगराच्या सोंडा आहेत, खोल घळी आहेत, वळणावळणाची किकापू नदी आहे. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. पानं गळलेल्या ओकच्या टेकड्या बघून मला शिवरात्रीच्या सुमाराचं कोयना खोरं आठवलं. रंग तोच, हवा नाही. व्हर्नन काउंटीत शिरल्यावर जुने गोल गोठे दिसू लागले, आणि रस्त्याच्या कडेने मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या.

उतरायचं होतं तात्यांच्या दिवंगत मित्राच्या शेतावर. आता तिथे त्या मित्राची बायको एकटी राहते. वय ८१, कंबर थोडी वाकलेली, आवाज खणखणीत. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हा कोट बस थांब्यावर उभं राहायला छान आहे."

हाच कोट घालून मी त्या संध्याकाळी झाडावर गेले. गुडघ्यापर्यंत लांब, पिसांनी भरलेला. या कोटाने उणे २५ मध्येही मला दगा दिलेला नव्हता. तापमान तर शून्याच्या वर २ अंश. मला थंडी वाजायचं कारणच नव्हतं.

पहिली अडचण सॅडल बांधतानाच आली. कोटावरून बांधलं तर मांड्यांचे पट्टे पुरेनात आणि पोटावर कापडाचा बोळा. कोटाखालून बांधलं तर ब्रिज बाहेर काढायला जागा नाही. कसंबसं कोटावरूनच बांधलं. खोडाला बांधलेल्या शिड्यांच्या तिसऱ्या तुकड्यावर तात्यांनी वरून विचारलं, "तुझा कॅराबिनर दिसतोय का तुला?" दिसत नव्हता. माझ्याच पोटावरच्या फुगवट्याखाली कुठेतरी होता. त्यांनी मला तिथूनच खाली उतरवलं, कोट काढून कमरेच्या वर गुंडाळून बांधायला लावला आणि मगच वर घेतलं. हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं बसलं: कपडे कितीही उबदार असोत, आपला दोर, गाठ आणि कॅराबिनर डोळ्यांना दिसले पाहिजेत आणि हातमोज्यासकट हाताला लागले पाहिजेत. चढताना विजेच्या खांबावरचा वायरमन घेतो तसा कमरेभोवती दोर असतोच. जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत एक क्षणही आपण सुटे नसायचं.

वर गेल्यावर दुसरी अडचण. हललं की कोट चुरचुरायचा. घरात जो आवाज ऐकूही येत नाही तो त्या जंगलात कुरमुऱ्याची पिशवी फोडल्यासारखा वाटत होता. तिसरी अडचण मला मुळीच अपेक्षित नव्हती. कोट इतका जाड, तरी नेमकी बैठकीला थंडी. पिसं उबदार असतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि झोळीने माझ्या सगळ्या वजनासकट ती दाबून पापड केली होती. कोट होता, हवा नव्हती. शिवाय मागे रेललं की गुंडाळलेला कोट वर सरकायचा आणि कमरेवर चार बोटांची फट पडायची. वारा बरोबर तिथूनच आत.

साडेचारला सूर्य टेकडीआड गेला. हरीण एकही नाही. तात्या म्हणाले, "कोण कशाला येईल? त्यांना वाटलं असेल कुणी वेफर्स खातंय."

शुक्रवार: घाम

रात्री मी हुशार झाले. लांब कोट बाद. थर्मल, त्यावर सुती टी-शर्ट, हुडी, फ्लीस आणि जाड जॅकेट, खाली बर्फात खेळायची डंगरी. पहाटे पाचला उणे ८. तात्या मात्र पातळ लोकरी बंडी आणि एक साधा शर्ट एवढ्यावर निघाले, बाकी सगळं पिशवीत. मला वाटलं, म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

झाड डोंगराच्या सोंडेवर, अर्ध्या तासाच्या चढावर. वर पोचेपर्यंत माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ. तात्या झाडाखाली पाच मिनिटं नुसते उभे राहिले, अंगाची वाफ जाऊ दिली आणि मग पिशवीतून एकेक कपडा काढून चढवला. मी तशीच वर गेले. सव्वासहाला उजाडायला लागलं. सातला मी तृप्त होते. साडेसातला दात वाजायला लागले.

ओला सुती कपडा म्हणजे अंगाला बांधलेली गार पट्टी. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं, आणि सुती कपडा ते पाणी सोडत नाही. लोकरसुद्धा पाणी पिते, स्वतःच्या वजनाच्या तिसरा हिस्सा बाष्प पिऊनही ओली लागत नाही, उलट ते पिताना थोडी ऊब देते. हे तात्यांनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. झाडावर ते फक्त बघत होते.

डंगरीचा घोटाळा वेगळाच, आणि तो बायकांनी लक्ष देऊन वाचावा. पहाटे दोन मग कॉफी झालेली होती. आठ वाजता निसर्गाने हाक मारली. पुरुषांकडे बाटली असते. मला आधी खाली उतरायचं, मग सॅडल काढायचं, मग जॅकेट, मग डंगरीचे खांद्यावरचे पट्टे, आणि हे सगळं बोटं बधिर झालेली असताना. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात एक मोठा नर माझ्यापासून चाळीस पावलांवरून एका मादीच्या मागे पळत गेला. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा हा त्यांच्या माजाचा काळ, दिवसाढवळ्या भान हरपून फिरतात, म्हणूनच आम्ही या दिवसांत आलो होतो. तो नर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. तात्या वरून सगळं बघत होते. त्याबद्दल त्यांनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही, यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

तेव्हापासूनचे नियम: डंगरी नको, वेगळी विजार. किंवा घ्यायचीच तर दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत चेन असलेली. कॉफी निघायच्या दीड तास आधी, आणि एकच.

नऊला आम्ही उतरलो. मी पाय ओढत शेतावर आले, तर मालकीणबाईंनी चुलीत लाकडं सारली, माझे ओले कपडे दांडीवर टाकले आणि वरच्या खोलीतून एक विजार घेऊन आल्या. करड्या रंगाची, जाड लोकरीची, कंबर छातीच्या जवळपास, वर गॅलिस, म्हणजे खांद्यावरून घ्यायचे पट्टे. त्यांच्या यजमानांची. "पट्टा बांधू नकोस," म्हणाल्या. "पट्ट्याचं बक्कल झोळीखाली येतं आणि दुपारपर्यंत हाडाला भोक पाडतं. ते नेहमी गॅलिसच घालायचे." मी घालून बघितली. पायाला दोन दुमडी घालाव्या लागल्या, पण बसली. गोधडी पायात घातल्यासारखं वाटलं, आणि चालताना आवाज शून्य.

मग दुपारभर त्या स्वयंपाकघराचं दुकान झालं. माझ्याकडचं, तात्यांकडचं, मालकीणबाईंच्या पेटीतलं असं सगळं टेबलावर. तात्यांनी खांबाला दोर बांधला आणि मला प्रत्येक थरानिशी सॅडल बांधून लटकून बघायला लावलं. हा उद्योग खरं तर घरीच करायचा असतो, थंडीतल्या सगळ्या कपड्यांनिशी. मी ऑक्टोबरात टी-शर्टवर सराव केला होता, तो निरुपयोगी. जाड कपड्यांवर पट्टे सैल करावे लागतात, ब्रिज थोडा लांब, झोळी बैठकीवरून जरा खाली मांड्यांकडे. नाहीतर खुब्याची हाडं दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरल्यासारखी दुखतात. टेदर कपाळाच्या उंचीला आला की मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी शिकार नाही. शुक्रवार म्हणजे विस्कॉन्सिनात फिश फ्राय. गावातल्या सपर क्लबात तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड, आणि तात्यांचा ब्रँडीचा ओल्ड फॅशन्ड नावाचा कॉकटेल. इथल्या लोकांना तो व्हिस्कीचा चालत नाही. मासा चांगला होता, पण मी मनातल्या मनात त्यावर लिंबू आणि तिखट टाकत होते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून तात्यांना विचारलं, "हीच का ती, गोळीबाराच्या आठवड्यात येणार नाही म्हणणारी?" बंदुकीचा हंगाम पुढच्या शनिवारी सुरू होणार होता, नऊ दिवसांचा. तेव्हा सगळ्यांना भगवे नाहीतर झगझगीत गुलाबी कपडे घालावे लागतात. माझ्याकडे दोन्ही साड्या आहेत म्हटलं, पण ते त्यांना भाषांतर करून सांगण्यात मजा राहिली नाही.

शनिवार: साडेचार तास

पहाटे उणे १२, वारा ताशी २४ किलोमीटर. म्हणजे उघड्या कातडीला उणे २२ च्या आसपास. तात्यांनी सोंडेवरचं झाड सोडून घळीच्या आडोशाचं निवडलं. झाड होतं शॅगबार्क हिकरीचं, ज्याची साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटलेली असते. गुडघा लागला की खर्रकन आवाज. तात्यांनी खिशातून जुन्या गालिच्याचा तुकडा काढून माझ्या गुडघ्यांसमोर खोडाला बांधला. तसाच एक तुकडा प्लॅटफॉर्मवर. ॲल्युमिनियम तळपायाची ऊब शोषून घेतं, आणि बुटाचा आवाजही होतो, असं दुहेरी काम.

या दिवशी जे घातलं ते सविस्तर लिहिते, कारण परत आल्यापासून तिघींनी विचारलंय.

अंगाला पातळ मरिनो लोकरीचा थर, वर आणि खाली. त्यावर चालताना फक्त एक पातळ फ्लीस. पायांत ती विजार, तिच्या आत गुडघ्यांना व्हॉलिबॉलवाल्यांचे पॅड. झाडाखाली पाच मिनिटं थांबून, अंग गार होऊ लागण्याच्या बेतात असताना, बिनबाह्यांचं भरलेलं जॅकेट चढवलं. मग सॅडल. आणि सॅडलच्या वरून तात्यांचं जुनं वारारोधक जॅकेट, बाहेरून मऊ फ्लीसचं, कुल्ल्यापर्यंत लांब आणि दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या चेनचं. ही चेन म्हणजे सगळ्या कोड्याचं उत्तर. खालून वीतभर उघडली की ब्रिज सरळ बाहेर येतो, दोर दिसतो, आणि जॅकेट झोळीवरून पांघरुणासारखं कमरेची फट झाकतं. बैठकीवर मात्र पिसं-कापूस काही उपयोगाचं नाही, ते दबणारच. तिथे दाट विणीची लोकरच बरी, ती दबते पण पार चपटी होत नाही. त्या विजारीचं कौतुक पुरे झालं, तर दोषही सांगते: उघड्यावर वारा तिच्यातून आरपार जातो. घळीत होतो म्हणून निभावलं.

विजारीचे खिसे झोळीखाली जातात. जे लागणार ते सगळं छातीवरच्या खिशात हवं. हात ऊबदार ठेवायची नळीसारखी थैली लोक कमरेला बांधतात, पण सॅडलमध्ये तिथे ब्रिज असतो, म्हणून ती पट्टा आखूड करून छातीशी. आत गरम होणाऱ्या पुड्या. त्यांच्यात लोखंडाची पूड असते, ती हवेशी संयोग पावून गंजते आणि गंजताना तापते. घट्ट मिटलेल्या खिशात हवाच मिळाली नाही तर गार पडतात, मधूनमधून बाहेर काढून हलवाव्या लागतात. कातडीला थेट लावू नयेत, भाजतं. बुटांत वेगळ्या, पायांसाठीच्या घालाव्यात.

पायांबद्दल माझा गैरसमज तात्यांनी मोडला. मी तीन मोजे घालत होते. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. एक पातळ, एक जाड लोकरी, आणि आत बोटं नाचवता येतील एवढा मोठा बूट. तळ कडक हवा, नाहीतर प्लॅटफॉर्मची कड तासाभरात पायाच्या कमानीत घुसते.

डोक्याला कानटोपी. आईने सोलापूरहून पाठवलेली, माकडटोपीच खरं तर. तात्यांना ती इतकी आवडली की त्यांनी नमुना मागितलाय.

खाऊचा प्रश्नही आवाजाचाच. चॉकलेटच्या वेष्टनाने मैलभरची हरणं उठतील. मी सुती फडक्यात डिंकाचे लाडू बांधून नेले होते. तात्यांनी एक खाल्ला, बराच वेळ चघळला, आणि हात पुन्हा पुढे केला.

सकाळचे साडेचार तास मी टिकले. उणे १२ मध्ये, न हलता. एक चिकॅडी पक्षी माझ्या दोरावर येऊन बसला. दोन पिल्लांसह एक मादी बरोब्बर खालून गेली, तिच्या पाठीवरचं दव गोठून पांढरं झालेलं दिसत होतं. तात्यांनी बाण लावला नाही. मी खुणेने विचारलं तर त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी त्याच झाडावर. सव्वाचारला एक एकटी मादी घळीतून वर आली. तात्यांनी जाड हातमोजा काढला, आतला पातळ तसाच. डाव्या हाताची बाही आधीच चामड्याच्या पट्ट्याने आवळलेली होती. फुगीर बाहीला प्रत्यंचा लागली तर बाण भलतीकडे जातो. ते झोळीत रेलून खोडाच्या उजव्या अंगाला इंचाइंचाने वळले. वीस पावलं. बाण सुटल्याचा आवाज मला वाटलं होतं त्याहून फारच लहान होता. ती पन्नास-साठ पावलं धावली आणि खाली बसली. मग पडली.

तात्या लगेच उतरले नाहीत. अर्धा तास आम्ही तसेच अंधारात लटकत होतो. त्यांचे ओठ हलत होते. मी काही विचारलं नाही. माझ्या पोटात काहीतरी घट्ट झालं होतं, आणि ते थंडीचं नव्हतं एवढं नक्की.

रविवार: परतीची वाट

हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, तात्यांनी ती रात्रीच फोनवर केली. सकाळी आम्ही हरणाचं डोकं घेऊन तपासणीच्या खोक्याकडे गेलो. २००२ साली विस्कॉन्सिनात हरणांमध्ये मेंदू झिजवणारा एक रोग सापडला, सीडब्ल्यूडी, आणि हा नैर्ऋत्येचा भाग त्यात पुढे आहे. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, पण रोगट हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. मानेतल्या लसीकाग्रंथी तपासतात. निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत, वेगळी खूण करून.

मालकीणबाईंना विजार परत दिली. त्यांनी ती घडी घातली, पुन्हा उलगडली आणि माझ्या हातात ठेवली. "पाय कापून शिवून घे," म्हणाल्या. "पण धुताना गरम पाणी वापरलंस तर तुझ्या मुलाला होईल." वाटेत ताज्या चीज कर्ड्स घेतल्या, दाताखाली चूं चूं वाजणाऱ्या. शिळ्या झाल्या की वाजत नाहीत, तेव्हा गाडीतच संपवा.

दहाव्या दिवशी तात्यांच्या फोनवर निकाल आला: रोग आढळला नाही. तासाभरात ते कागदात गुंडाळलेला पुडा घेऊन दारात. कांदा, आलं-लसूण, सुक्या खोबऱ्याचं वाटण, कांदा-लसूण मसाला, सगळं ओट्यावर मांडलं. गॅस पेटवण्याआधी मी ते जॅकेट आणि ती विजार उचलून गॅरेजमध्ये टांगून आले.